भिंतींनी लक्षात ठेवले

११ मार्च २०१०. चिलीतल्या वाल्पाराइसो या बंदराच्या शहरात संसदेचे सभागृह देशोदेशींच्या पाहुण्यांनी भरले होते. मावळत्या राष्ट्राध्यक्ष मिशेल बाचेलेत त्या दिवशी सेबास्तिआन पिन्येरा यांच्या हाती कारभार सोपवणार होत्या. दुपारचे बारा वाजायला काही मिनिटे कमी असताना जमीन हलली. तीव्रता ६.९. शेजारच्या देशांचे राष्ट्रप्रमुख, स्पेनचे युवराज, सगळ्यांच्या माना वर छताकडे वळल्या. छत जागेवर राहिले. शपथविधी पार पडला आणि त्सुनामीच्या शक्यतेमुळे ती इमारत रिकामी करण्यात आली. नव्या राष्ट्राध्यक्षांना पदावर येताच पहिल्याच तासात किनाऱ्यावरच्या लोकांना सांगावे लागले, की उंचावर जा.

हा धक्का आपल्या किल्लारीच्या भूकंपाहून मोठा होता. चिलीच्या लोकांनी मात्र त्याला ‘रेप्लिका’ म्हटले. रेप्लिका म्हणजे मागाहून येणारा धक्का, मोठ्याची छोटी नक्कल. कारण मोठा त्याआधी बारा दिवसांपूर्वी येऊन गेला होता.

२७ फेब्रुवारी २०१०, पहाटे ३ वाजून ३४ मिनिटे. शनिवारची पहाट, दक्षिण गोलार्धातल्या उन्हाळी सुट्टीचे शेवटचे दिवस. देशाच्या मध्यभागी, माउले भागाच्या किनाऱ्याजवळ समुद्राखाली सुमारे ५०० किलोमीटर लांबीचा पट्टा सरकला. तीव्रता ८.८. यंत्रांनी नोंदवलेल्या सर्वांत मोठ्या भूकंपांपैकी हा एक. कॉन्सेप्सिओन हे आख्खे शहर सुमारे तीन मीटर पश्चिमेला सरकले. तीनशेहून अधिक किलोमीटरवरची राजधानी सांतियागोसुद्धा वीतभर हलली. मृतांचा आकडा शेवटी ५२५ वर स्थिरावला. काहीजण बेपत्ताच राहिले.

५२५ माणसे म्हणजे ५२५ घरांतला आकांत, आणि त्यातल्या कितीतरी जणांना वाचवता आले असते. त्याकडे पुढे यायचेच आहे. पण आधी हा आकडा दुसऱ्या आकड्यांशेजारी ठेवून पाहू. त्याच वर्षी १२ जानेवारीला हैतीत ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. चिलीच्या भूकंपात त्याच्या सुमारे पाचशेपट ऊर्जा मोकळी झाली. हैतीत मेलेल्यांची मोजदाद आजही वादाची आहे, पण ती लाखाच्या घरातच बोलली जाते. आणि आपली किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका संपवून लातूर-उस्मानाबादची गावे नुकती डोळे मिटत होती. तीव्रता ६.२ च्या आसपास. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे गेली. चिलीच्या त्या पहाटेची ऊर्जा किल्लारीच्या सात-आठ हजार पट होती.

ही तुलना सरळसोट करणे न्यायाचे नाही. किल्लारीचा भूकंप उथळ होता आणि गावांच्या थेट पायाखाली होता. चिलीचा समुद्राखाली, तीसएक किलोमीटर खोल. हैतीतही भूकंपाचा उगम राजधानीला खेटून होता. हे सगळे हिशेबात धरले, तरी फरक उरतोच, आणि तो जमिनीतला नाही. किल्लारीत माणसे मेली ती दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली. उन्हाळ्यात गारवा देणारे, पिढ्यान्‌पिढ्या राहते असलेले ते घर एका मिनिटाच्या आत कोसळले. चिलीतही ज्या इमारती सर्वांत वाईट पडल्या, त्या तालका आणि कुरिको या गावांतल्या कच्च्या मातीच्या विटांच्या जुन्या इमारती होत्या. माती दोन्हीकडे सारखीच वागली. फरक इतकाच, की चिलीत तोवर बहुतेक माणसे मातीच्या भिंतींखालून बाहेर आली होती. ती कशी आली, ही माझ्या मते या देशाची खरी गोष्ट आहे. ती ऐंशी वर्षांहून अधिक काळ चाललेली आहे, आणि त्या वाटेवर चिली अनेकदा चुकला आहे.

चिलीचा नकाशा पाहिला की एक लांब, अरुंद चिंधोटी दिसते. एका बाजूला आन्देस पर्वत, दुसऱ्या बाजूला प्रशांत महासागर. समुद्राच्या तळाची नाझ्का नावाची प्लेट या किनाऱ्याखाली दरवर्षी सहा-सात सेंटिमीटर घुसत असते. ती सहजासहजी घुसत नाही, अडकते. अडकलेला भाग वर्षानुवर्षे ताण साठवतो आणि एके दिवशी सुटतो. तिथल्या भाषेत म्हणूनच दोन शब्द आहेत. ‘तेंब्लोर’ म्हणजे साधा हादरा. कपबशा वाजतात, दिवा झोके घेतो, माणसे बोलणे क्षणभर थांबवतात आणि पुन्हा सुरू करतात. ‘तेर्रेमोतो’ म्हणजे भूकंप. कोणता कुठला, याची सीमा कोणी आखून दिलेली नाही, पण चिलीच्या माणसाला ती पायांना कळते.

कॉन्सेप्सिओन ते माउले या किनाऱ्याच्या पट्ट्यातला मागचा तसा मोठा तेर्रेमोतो २० फेब्रुवारी १८३५ चा होता. चार्ल्स डार्विन तेव्हा ‘बीगल’ जहाजावरून फिरत त्या मुलखात आला होता; धक्क्याच्या वेळी तो वाल्दिवियाजवळच्या रानात जमिनीवर आडवा पडलेला होता. नंतर त्याने कॉन्सेप्सिओनचे अवशेष पाहिले, आणि जहाजाचा कप्तान फिट्झरॉय याने जवळचे सांता मारिया बेट समुद्रातून किती वर उचलले गेले ते मोजून ठेवले. त्यानंतर त्या पट्ट्यात तसा मोठा भूकंप झाला नव्हता. पावणेदोनशे वर्षे, दरवर्षी सहा-सात सेंटिमीटर. हिशेब दहा मीटरच्या वर जातो. फ्रेंच शास्त्रज्ञ रुएग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिलीच्या संशोधकांसोबत उपग्रहांच्या मोजमापांवरून हाच हिशेब मांडला. भूकंप आज झाला तर तो ८ ते ८.५ तीव्रतेचा असू शकेल, असे सांगणारा त्यांचा निबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तारीख त्यांनी सांगितली नव्हती. ती कोणालाच सांगता येत नाही. पण कुठे आणि केवढा, हे कागदावर आले होते. वर्षभरात तो झाला, त्यांनी म्हटल्याहून मोठा.

शास्त्रज्ञांचा कागद भूकंपात कोणाच्या डोक्यावरचे छत धरून ठेवत नाही. ते काम भिंतींचे. १९०६ मध्ये वाल्पाराइसो उद्ध्वस्त झाले. त्यानंतर सरकारने मोंतेस्सुस द बालोर या फ्रेंच शास्त्रज्ञाला बोलावले आणि १९०८ पासून देशाची भूकंपसेवा सुरू केली. १ डिसेंबर १९२८ ला तालका गाव कोसळले, आणि तेव्हा पहिल्यांदा प्रश्न विचारला गेला, की घर कसे बांधायचे हे सरकारने ठरवायचे की नाही. बांधकामाचे नियम लिहिण्याचे काम त्यातून निघाले. मग २४ जानेवारी १९३९ च्या रात्री चियान शहर पडले. मृतांचा आकडा सहसा २८,००० च्या आसपास सांगितला जातो. तो चिलीच्या इतिहासातला सर्वांत जीवघेणा भूकंप. ढिगारे उपसताना अभियंत्यांना एक गोष्ट दिसली. साध्या विटांच्या आणि मातीच्या भिंती धुळीला मिळाल्या होत्या, पण तालकानंतर आलेल्या नव्या पद्धतीने बांधलेली घरे बऱ्याच ठिकाणी उभी होती.

ही पद्धत नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण ती आपल्या गवंड्याला उद्या सकाळी शिकवता येईल. आपल्याकडे सहसा आधी कॉलम, बीम आणि स्लॅबचा सांगाडा उभा राहतो आणि मग मधल्या मोकळ्या जागेत विटा भरतात. भिंत त्या सांगाड्यात पाहुणी असते. जमीन हलली की सांगाडा एका तालात हलतो आणि भिंत दुसऱ्या. चिलीत क्रम उलटा केला. सळयांचे पिंजरे कोपऱ्यांवर उभे करायचे, पण काँक्रीट ओतायचे नाही. आधी विटांची भिंत रचायची, तिच्या दोन्ही कडांना दाते सोडायचे. भिंत झाली की पिंजऱ्याला शटरिंग लावून काँक्रीट ओतायचे. ते दातांत शिरते आणि भिंतीला घट्ट धरते. वरून तसाच बीम. लाकडी चाकावर लोहार तापवलेली लोखंडी धाव चढवतो आणि ती निवताना चाकाला आवळून धरते, तसे हे. चाक खडकावरून गेले तरी त्याचे आरे सुटत नाहीत. अशी भिंत हादऱ्यात तडकते, पण विस्कटत नाही, आणि तडकलेल्या भिंतीखालून माणूस जिवंत बाहेर येतो. सिमेंट, वीट आणि थोडी सळई एवढाच खर्च. अहमदाबादेजवळ आयआयटी गांधीनगरच्या वसतिगृहांत ही पद्धत वापरली आहे. गावोगावच्या घरकुलांपर्यंत ती का पोहोचू नये, याचे पटणारे उत्तर मला मिळालेले नाही.

उंच इमारतींतही चिलीने भिंतीवरच भरवसा ठेवला. खोल्या वेगळ्या करणाऱ्या भिंतीच काँक्रीटच्या करायच्या, आणि त्या वरपासून पायापर्यंत सलग आणायच्या. साधारण इमारतीत मजल्याच्या क्षेत्रफळाच्या तीनएक टक्के जागा एकेका दिशेच्या भिंतीच व्यापतात. बिल्डरच्या हिशेबात ही विकता न येणारी जागा. तरीही ती पद्धत टिकली, कारण भूकंपाच्या आठवणी घराघरांत होत्या आणि ग्राहकालाही भिंत हवी होती. त्यावर कायद्याची बेडी आहे. इमारतीच्या सांगाड्यात दोष निघाला तर पहिल्यांदा ती विकणारा मालक दहा वर्षे जबाबदार असतो. मोठ्या आणि सार्वजनिक इमारतींचा आराखडा दुसऱ्या, स्वतंत्र अभियंत्याला तपासावा लागतो. सांतियागोचे लष्करी रुग्णालय तर रबराच्या जाड बैठकांवर उभे केलेले आहे; खालची जमीन हलते तेव्हा इमारत संथपणे डोलते आणि आतली शस्त्रक्रियेची टेबले जागची हलत नाहीत. २०१० मध्ये ते रुग्णालय चालू राहिले.

त्या पहाटे देशात नऊ मजल्यांहून उंच अशा सुमारे दोन हजार काँक्रीटच्या इमारती होत्या. त्यांतल्या दोनएक टक्क्यांना गंभीर इजा झाली. बाकीच्यांतले लोक जिने उतरून रस्त्यावर आले.

पण त्या दोन टक्क्यांत एक इमारत होती, कॉन्सेप्सिओनची ‘आल्तो रिओ’. पंधरा मजली आणि अगदी नवी. ती पाठीवर पडली. म्हणजे बुंध्यापाशी तुटून आख्खी इमारत मागच्या बाजूला आडवी झाली, जिने आणि दारे फिरून छतासारखी झाली. आठ माणसे गेली. इतरांना अग्निशामक दलाच्या माणसांनी दिवसेंदिवस काँक्रीट कापून काढले. चिलीत हे दल स्वयंसेवकांचे आहे; डॉक्टर, शिक्षक, दुकानदार ड्यूटी वाटून घेतात आणि पगार घेत नाहीत. बांधणाऱ्यांवर खटला चालला. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते अभियंत्यांनी स्वतःच्या पद्धतीची केलेली तपासणी.

१९८५ च्या मार्चमध्ये वाल्पाराइसोजवळ मोठा भूकंप झाला होता. शेजारच्या विन्या देल मार शहरातल्या काँक्रीटच्या भिंतींच्या इमारती त्यात जवळजवळ सगळ्या तगल्या. अभियंत्यांना वाटले, आपल्या भिंती इतक्या चांगल्या आहेत की त्यांच्या टोकांना दाट रिंगा घालण्याचा अमेरिकन नियम आपल्याला हवाच कशाला? १९९६ च्या संहितेत ती सूट लिहिली गेली. मग इमारती उंच होत गेल्या आणि भिंती पातळ. १९८५ च्या जाडजूड भिंतींच्या जागी पंधरा-वीस सेंटिमीटरच्या भिंती आल्या आणि त्यांच्यावरचा भार वाढला. २०१० मध्ये तळमजल्यात आणि तळघरात या भिंतींची टोके चुरडली. रिंगांचे हूक नव्वद अंशांतच वाकवलेले होते. ते उघडले, आणि उभ्या सळया बाहेरच्या बाजूला फुगून वाकल्या. आल्तो रिओच्या भिंती तर खालच्या मजल्यावर आखूडही होत होत्या. आधीच्या भूकंपात पास झाल्याचा हा दंड होता. चिलीच्या अभियंत्यांनी हे जगासमोर मांडले, तुटलेल्या भिंतींची छायाचित्रे आणि मापे देशोदेशीच्या परिषदांत दाखवली, आणि पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, सरकारने दोन हुकूम काढून सूट रद्द केली. आज तिथे भिंतीच्या टोकाला रिंगा दाट आहेत आणि भिंत किती पातळ असू शकते याला मर्यादा आहे.

भिंतींनी जे सांभाळले, ते समुद्राने हिरावले. तिथली चूक भिंतीची नव्हती.

भूकंपानंतर काही मिनिटांतच नौदलाच्या जलविज्ञान विभागाने त्सुनामीचा इशारा दिला. पण वीज गेलेली, फोन बंद, आणि आपत्ती कार्यालय ‘ओनेमी’ आणि नौदल यांच्यातल्या संदेशांत संदिग्धता. इशारा किनाऱ्यापर्यंत गेलाच नाही. पाच वाजायच्या सुमारास नौदलाने तो मागेही घेतला. राष्ट्राध्यक्ष बाचेलेत यांना जे सांगितले गेले तेच त्यांनी देशाला सांगितले, की त्सुनामीचा धोका नाही. लाटा त्यानंतरही येत होत्या; ताल्काउआनोच्या बंदरात आणि दिचातो या मच्छीमारांच्या गावात मोठी लाट आली ती पहाट सरत असताना. काही माणसे डोंगरावर गेली होती आणि धोका टळला असे ऐकून खाली उतरली होती. समुद्राने दीडशेहून अधिक माणसे नेली. अधिकाऱ्यांवरचा खटला कित्येक वर्षे चालला, आणि मृतांचे नातेवाईक कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले.

सर्वांत जिव्हारी लागते ते कॉन्स्तितुसिओन गावासमोरचे ओरेगो बेट. माउले नदी समुद्राला मिळते तिथे, गावापासून हाकेच्या अंतरावर. पुढच्या रात्री नदीत दिव्यांनी सजवलेल्या होड्यांचा उत्सव होता. चांगली जागा मिळावी म्हणून कितीतरी कुटुंबे मुलाबाळांसह बेटावर तंबू ठोकून राहिली होती. पूल नव्हता. जमीन हलली तेव्हा या सगळ्यांना कळले होते, की आता समुद्र येणार. काठावर न्यायला होड्या नव्हत्या. काही मच्छीमारांनी अंधारात होडी काढून जमतील तेवढी माणसे आणली. बाकीच्यांना लाटेने गाठले.

ज्या गावांत मरणारांची संख्या कमी राहिली, ती बहुतेक मच्छीमारांची गावे होती. त्यांनी कोणाच्या इशाऱ्याची वाट पाहिली नाही. उभे राहता येऊ नये असा हादरा आला की डोंगर गाठायचा, ही त्यांची आज्या-पणज्यांची शिकवण. दक्षिणेतल्या मापुचे लोकांची एक कथा आहे: काय-काय नावाचा समुद्राचा सर्प पाणी चढवतो आणि ट्रेंग-ट्रेंग नावाचा जमिनीचा सर्प माणसांना वाचवायला डोंगर उचलून धरतो. आजही त्या मुलखात ट्रेंग-ट्रेंग नावाच्या टेकड्या आहेत, आणि त्या खरोखरच पळून जायच्या टेकड्या आहेत. या कथेत भूगोल लपलेला आहे, असे म्हणून मी तिला छोटे करू इच्छित नाही. कथा हेच त्या समाजाचे धोक्याचे यंत्र होते, आणि ते विजेवर चालत नव्हते.

किनाऱ्यापासून सहा-सातशे किलोमीटर आत समुद्रात हुआन फर्नांदेस बेटे आहेत. तिथे धक्का फारसा जाणवला नाही आणि इशाराही पोहोचला नाही. एका बारा वर्षांच्या मुलीने रात्री खिडकीतून पाहिले, की खाडीतल्या होड्या वेड्यावाकड्या नाचताहेत. ती धावत चौकात गेली आणि गावाची धोक्याची घंटा वाजवू लागली. लोक उठून चढावर पळाले. तरीही काही माणसे गेली, पण ती घंटा वाजली नसती तर गाव झोपेत गेले असते.

पुढच्या दिवसांत कॉन्सेप्सिओनमध्ये दुकाने लुटली गेली. पाणी, वीज, अन्न काहीच येत नव्हते. आधी दूध आणि पीठ गेले, मग टीव्ही आणि धुलाईयंत्रेही. शेजारी काठ्या घेऊन आपापल्या गल्लीवर पहारा करू लागले. १९९० मध्ये संपलेल्या लष्करी राजवटीची आठवण ताजी असलेल्या देशात सैन्य रस्त्यावर आणायला सरकार कचरले, आणि आणले तेव्हा संचारबंदीसह आणले. नियम पाळून भिंती बांधणाऱ्या देशातही रिकामा नळ तीन दिवसांत माणसाला काय करायला लावतो, हे तिथल्या लोकांनी पाहिले. याबद्दल ते आजही फार बोलत नाहीत.

या देशाच्या आठवणीचा सर्वांत मोठा प्रसंग मात्र याच्या पन्नास वर्षे आधीचा. २२ मे १९६० ला वाल्दिवियाजवळ ९.५ तीव्रतेचा भूकंप झाला. यंत्रांनी नोंदवलेला आजवरचा हा सर्वांत मोठा. त्याच्या लाटांनी हवाईत ६१ माणसे आणि जवळजवळ दिवसभराने जपानमध्ये शंभराहून अधिक माणसे मारली. वाल्दिवियाभोवतीची जमीन इतकी खचली की कुरणे पाण्याखाली गेली. आज तिथे पाणथळ आहे आणि काळ्या मानेचे हंस पोहतात. पण खरे संकट डोंगरात वाढत होते. रिन्यिवे तलावातून सान पेद्रो नदी निघते तिथे दरड कोसळून नदी तुंबली. पाणी दिवसागणिक चढू लागले. बांध फुटला असता तर खालची गावे आणि मोडकळीला आलेले वाल्दिविया वाहून गेले असते.

हे आधी एकदा घडले होते. डिसेंबर १५७५ च्या भूकंपात याच ठिकाणी दरड पडली होती, आणि चार महिन्यांनी बांध फुटून पुराने शेकडो माणसे नेली होती. त्या वेळी वाल्दिवियाचा कारभारी असलेल्या मारिन्यो दे लोबेरा याने ते आपल्या बखरीत लिहून ठेवले. पावणेचारशे वर्षांनी ती बखर ग्रंथालयात होती, आणि या वेळी पुढे काय होणार हे कोणाला कल्पनेने सांगावे लागले नाही.

वीज कंपनीचे अभियंते राउल साएस यांच्याकडे काम आले. बुलडोझर आणले, ते चिखलात रुतले. मग फावडी आली. दक्षिणेच्या हिवाळ्यातल्या पावसात हजारो माणसे, मजूर, सैनिक, विद्यार्थी, दोन महिने चिखल उपसत राहिली. वरच्या तलावांच्या वाटा तात्पुरत्या बांधांनी अडवल्या, म्हणजे येणारे पाणी कमी होईल. चोवीस मीटर उंचीचा बांध पंधरा मीटरवर आणला. जुलै संपता संपता पाणी कातलेल्या वाटेने निघाले. खालची गावे आधीच रिकामी केली होती. पाण्याने शेते आणि घरे बुडवली, पण १५७६ सारखा संहार झाला नाही. नाव साएस यांचे राहिले. फावडी धरणाऱ्यांची नावे कुठे नोंदलेली नाहीत.

२०१० नंतर चिलीने समुद्राच्या बाजूची भिंत उभारायला घेतली, ती काँक्रीटची नव्हती. २०१३ मध्ये सांतियागोतल्या चिली विद्यापीठात राष्ट्रीय भूकंपकेंद्र चोवीस तास चालू झाले. किनाऱ्यावरच्या गावांत पाट्या लागल्या: धावणारा माणूस, उंच लाट, आणि समुद्रसपाटीपासून तीस मीटर उंचीकडे नेणारा बाण. मोबाइलवर कर्कश इशारा येऊ लागला. बदनाम झालेले ओनेमी मोडीत काढून २०२३ पासून ‘सेनाप्रेद’ ही नवी संस्था आली. शाळांतली मुले सराव करतात तो वर्गातल्या वर्गात नव्हे, तर वर्गापासून टेकडीपर्यंत, घड्याळ लावून. कॉन्स्तितुसिओनमध्ये वास्तुकार आलेहान्द्रो आराव्हेना यांच्या चमूने गावकऱ्यांबरोबर बसून ठरवले, की पाण्याच्या काठाला तटबंदी बांधायची नाही. नदी आणि गाव यांच्यामध्ये झाडे लावायची, म्हणजे लाट त्यांत अडून थकेल. काठावरच्या जमिनीच्या मालकांना ते पटवणे सोपे नव्हते, आणि झाडे मोठी व्हायला वेळ लागतो.

परीक्षा लवकर आल्या. १६ सप्टेंबर २०१५ ला, राष्ट्रीय सण दोन दिवसांवर असताना, इयापेलजवळ ८.३ चा भूकंप झाला. सुमारे दहा लाख माणसे चढावर गेली. कोकिम्बो बंदरात साडेचार मीटरची लाट शिरली आणि होड्या रस्त्यांवर आल्या. देशभरात १५ माणसे गेली.

त्याच्या आदल्या वर्षी, १ एप्रिल २०१४ च्या रात्री, उत्तरेच्या वाळवंटी किनाऱ्यावर इकिके शहराजवळ ८.२ चा धक्का बसला. सहा माणसे गेली. या वेळी इशारा मिनिटांत निघाला आणि तो कोणी घाईने मागे घेतला नाही. देशाच्या आख्ख्या किनाऱ्यावरचे नऊएक लाख लोक अंधारात टेकड्यांवर थांबले. मिशेल बाचेलेत तीनच आठवड्यांपूर्वी दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या पाहणीला उत्तरेत गेल्या आणि रात्री अरिकातल्या हॉटेलात उतरल्या. तिथे ७.७ चा रेप्लिका आला आणि पुन्हा भोंगे वाजले. हॉटेलातल्या बाकी लोकांबरोबर राष्ट्राध्यक्षांनीही अंधारात उंचावरची जागा गाठली, आणि धोका टळल्याची खबर येईपर्यंत त्या तिथेच थांबल्या.